सायकल आधी की कॅमेरा? चोवीस हप्त्यांचा हिशेब

तुझं पत्र मिळालं, आणि सोबतची वहीची सहा पानंही. अडीच वर्षं न चुकता तू जमाखर्च लिहिला आहेस. चेनच्या तेलाची बाटली, पंक्चरचं सामान, एडिटिंगसाठी घेतलेली मेमरी कार्डं, सगळं वेगवेगळं मांडलेलं आहे. ते बघून मला मनापासून बरं वाटलं. त्यामुळे मला अंदाजानं काही बोलावं लागणार नाही, तुझ्याच आकड्यांवर बोलते.

वाचकांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात सांगते. तू कॉलेजात आहेस, पदवी हातात यायला अजून अठरा महिने आहेत. आठवड्याला दीडशे किलोमीटर रोड सायकल चालवतेस आणि तितकाच जीव व्हिडिओ बनवण्यात आहे. आत्ताची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, तीन वर्षं वापरलेली. तुला कार्बन फायबरची हलकी सायकल घ्यायची आहे, शिवाय फोनवरचं शूटिंग सोडून मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. कॅमेरा साठवणीतून रोखीनं, सायकल थोडे पैसे आगाऊ भरून आणि बाकी चोवीस हप्त्यांत, असा बेत. हप्त्यांना आई जामीन राहायला तयार आहे. दुकानातली सवलत या महिनाअखेरीला संपते. तू विचारलं आहेस, "दोन्ही घेऊ का? आणि एकच घ्यायचं तर आधी काय?"

तुझे खरे आकडे मी इथे देत नाही. तुझी सगळी साठवण म्हणजे १०० भाग असं धरते आणि बाकीचं त्याच मापात सांगते. या १०० पैकी ६० तू शिकवण्या आणि एडिटिंगच्या कामांतून बाजूला काढलेस, ४० आजीनं दिले. महिन्याची सरासरी मिळकत ६ भाग, तुझा स्वतःचा खर्च ४, शिल्लक २. फी आणि राहण्याचा खर्च घरचे करतात. परीक्षेच्या महिन्यांत मिळकत जवळजवळ थांबते, सरासरीत ते लपतं पण वहीच्या पानावर ती रिकामी जागा ठळक दिसते. नवी सायकल १२० भागांची. कॅमेरा, दोन लेन्स, गिम्बल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि माइक मिळून ७०.

निर्णय आधी सांगते. सायकल हप्त्यांवर घेऊ नकोस. कॅमेरा घे, पण वापरलेला, आणि सगळं सामान धरून २८ भागांच्या आत. कार्बनच्या सायकलीचा विचार सोडू नकोस, तिच्यासाठी आजपासून वेगळं खातं काढ. आता यामागची कारणं.

तुझ्या बेतात ७० कॅमेऱ्याला आणि ३० सायकलीच्या आगाऊ रकमेला जातात. म्हणजे पहिल्याच दिवशी साठवण शून्य. उरलेल्या ९० भागांवर वर्षाला १८ टक्के व्याज, चोवीस महिने. हप्ता बसतो साधारण साडेचार भागांचा. एकूण फेड जवळपास १०८, म्हणजे १८ भाग नुसतं व्याज. महिन्याला २ भाग वाचवणाऱ्या मुलीची ती नऊ महिन्यांची बचत आहे. आणि शिल्लक २ असताना हप्ता साडेचारचा, मग दर महिन्याला अडीच भाग कुठून तरी उभे करायचे, परीक्षेच्या महिन्यांतसुद्धा. शिवाय पदवी अठरा महिन्यांत आणि हप्ते चोवीस. शेवटचे सहा हप्ते नोकरी लागो न लागो, भरावेच लागतील.

अशा वेळी बरेच जण एखादा हप्ता क्रेडिट कार्डावर ढकलतात. कार्डावर महिना ३ टक्के व्याज असेल तर ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. माझ्याकडे येणारी तरुण मुलं अडकतात ती बहुतेक इथेच. मोठी खरेदी त्यांना बुडवत नाही, तिचा एखादा चुकलेला हप्ता बुडवतो.

दुकानदारानं बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांचंही सुचवलं आहे, असं तू शेवटी लिहिलंस. ९० भागिले १२, साडेसात भाग. तुझी सगळी मिळकत ६ आहे. तेव्हा तो पर्याय तिथेच संपला. तरी एक गोष्ट लक्षात ठेव, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. बिनव्याजी हप्त्यांत रोखीची सूट बऱ्याचदा मिळत नाही, प्रक्रिया शुल्क वेगळं असतं, आणि व्याज तिथे जाऊन बसलेलं असतं. कुठलीही वस्तू घेताना रोखीचा शेवटचा भाव आधी विचारायचा, हप्त्यांचं बोलणं नंतर.

आईच्या सहीबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटली. जामीन राहणाऱ्याच्या डोक्यावर ते कर्ज स्वतःच्या कर्जासारखंच असतं. तुझे हप्ते थकले तर वसुली तिच्याकडे येते, आणि उद्या तिला स्वतःला कर्ज काढायची वेळ आली तर तुझी थकबाकी तिच्या आड येऊ शकते. ती प्रेमानं हो म्हणाली असणार. तिला हे सगळं माहीत आहे का, हे तिच्याजवळ बसून विचार.

हप्त्यांतली तूट यूट्यूबमधून भरून निघेल असं तुझं म्हणणं आहे. चॅनलवर आज ३४० सदस्य आहेत. जाहिरातींच्या पैशातला वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात आणि त्यासोबत गेल्या बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास तुझे व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात (छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज, तो वेगळा मार्ग). ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुझा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं बघतो असं तूच कळवलंस. म्हणजे वर्षात ६० हजार वेळा कुणीतरी तो उघडून चार मिनिटं थांबायला हवं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुझा. हे अशक्य नाही, आणि तुझ्या कामातली नजर बघता तू तिथवर पोचावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण कधी पोचशील हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र पहिल्याच महिन्यात येते. न आलेल्या मिळकतीवर आजचं कर्ज काढू नकोस.

आता सायकलीकडे येते, कारण तुझं मन खरं तिथे गुंतलंय.

तू लिहिलं आहेस की नवी सायकल दोन किलोनं हलकी आहे. तुझं वजन ५८, आत्ताची सायकल १० किलो, पाण्याच्या बाटल्या-कपडे-हेल्मेट मिळून आणखी २. एकूण ७० किलो तू चढावर ओढतेस. त्यातले दोन कमी झाले, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. तुझ्या त्या तीस मिनिटांच्या घाटात फार तर पन्नास सेकंद वाचतील, तेही घाट सगळा उभा असेल तर. सपाट रस्त्यावर वजनाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तिथे ताशी ३० च्या पुढे गेलं की बहुतेक सगळी ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेला सगळ्यात जास्त अडवतं ते आपलं स्वतःचं शरीर. हवेचं गणित क्रूर आहे: वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढवावी लागते. ती ताकद सरावातून येते, आणि हवेपुढची आडकाठी कमी होते ती बसण्याच्या पद्धतीतून. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमानं २००० सालापासून शर्यतीतली सायकल ६.८ किलोच्या खाली नेताच येत नाही, म्हणजे व्यावसायिकांनाही एका मर्यादेपुढे वजनावर पैसे ओतून उपयोग नसतो.

यातून कार्बन वाईट असा अर्थ काढू नकोस. रस्त्याचा थरकाप ते चांगलं गिळतं, चालवायला मजा येते, आणि ती मजा हे पैसे खर्च करायचं पुरेसं कारण आहे. मी फक्त एवढंच सांगते आहे की १२० भाग देऊन तुला मजा मिळेल, वेग फारसा मिळणार नाही. मजेची वस्तू रोखीनं घ्यावी.

दुसरं, सांभाळण्याचा खर्च. आठवड्याला दीडशे म्हणजे वर्षाला साडेसात हजार किलोमीटर. चेन साधारण तीन ते पाच हजार किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला दोन चेन धर. दोन-तीन चेनमागे एक कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. मागचा टायर, ब्रेक पॅड, केबल, सगळं याच हिशेबात. तुझ्या सायकलीवरच्या शिमानो क्लॅरिस या आठ गिअरच्या साध्या सामानाला जेवढे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट नव्या सायकलीवरच्या बारा गिअरच्या, वरच्या श्रेणीच्या अल्टेग्राला लागतात, आणि तिथे चेन जास्त अरुंद असते. अर्धा टक्का ताणली की बदलायची, नाहीतर ती कॅसेटचे दात खाऊन टाकते. तुझ्या बेतात हप्ता आहे, पण हा खर्च कुठेच नाही. आणि कार्बनची फ्रेम पडली तर आतली भेग बाहेरून दिसेलच असं नाही. तपासून घेतल्याशिवाय त्यावर पुन्हा बसू नये. अंगावर हप्ते असताना ही तपासणी टाळायचा मोह होतो, आणि तो जीवावर बेतू शकतो.

तुझ्या आत्ताच्या सायकलीला काय हवंय ते वहीतच दिसतं. चेन अकरा महिन्यांपूर्वीची आहे. टायर २५ मिलिमीटरचे आहेत आणि सायकलीसोबत आलेले तेच अजून आहेत. फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचे बसतात का ते दुकानात बघून घे. बसत असतील तर चांगले २८ चे घाल, हवा थोडी कमी ठेव. लांब राइडनंतर हात बधिर होतात असं तू लिहिलं आहेस, त्यावर बाइक फिट करून घे, म्हणजे सीट-हँडल तुझ्या अंगाच्या मापाला जुळवून घे. या तीन गोष्टींत कार्बनच्या सुखातलं निम्मं सुख तुला मिळून जाईल, असं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. गेली चौदा वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच चालवते आहे, आणि टायर बदलल्यावर मला वाटलं होतं की कुणी रस्ताच बदलला.

कॅमेऱ्याचं मात्र वेगळं आहे. इथे तुझ्याच वहीनं मला पटवलं.

शिकवणीत तुला पाच तासांना १ भाग मिळतो, तासाला ०.२. गेल्या वर्षी तू दोन कामं पैसे घेऊन केलीस, एका शर्यतीच्या आयोजकांसाठी आणि एका दुकानासाठी. प्रत्येकाचे ५ भाग मिळाले. तू तास लिहून ठेवले होतेस म्हणून कळलं, प्रत्येक कामाला २० तास लागले. तासाला ०.२५. म्हणजे फोनवर शूट करून, पहिल्याच वर्षी, तुझा व्हिडिओच्या कामाचा भाव शिकवणीच्या वर गेला आहे. तू पत्रात कॅमेऱ्याला हौस म्हटलं आहेस आणि सायकलीला गुंतवणूक. वही नेमकं उलटं सांगते.

आणि दुसरा पुरावा म्हणजे तू पाठवलेला तो चार मिनिटांचा व्हिडिओ. मी तो दोन वेळा बघितला. एक म्हातारे मेकॅनिक चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत आहेत. चाक स्टँडवर फिरतंय, रिम दर फेरीला एका जागी ब्रेक पॅडला घासतेय, खर्र, मग शांत, मग पुन्हा खर्र. त्यांच्या हातात स्पोकची चावी. पाव फेरा आवळतात, चाक फिरवतात, ऐकतात. समोरच्या बाजूचा स्पोक पाव फेरा सैल करतात, पुन्हा ऐकतात. खरखर बारीक होत जाते आणि एका फेरीला येतच नाही. चाक फिरत राहतं, तू कॅमेरा हलवत नाहीस. त्यात निवेदन नाही, संगीत नाही, सायकलीची किंमत नाही. फोन टेबलावर ठेवून शूट केलंय हे तुझ्या पत्रातून कळलं, नाहीतर माझ्या लक्षात आलं नसतं. ज्या मुलीला आवाज कुठे थांबतो हे ऐकू येतं, तिच्या हातात चांगलं अवजार द्यायला माझी हरकत नाही.

सायकल शर्यतीचा इतिहासही याच बाजूनं बोलतो. रस्त्यावर तिकीट लावता येत नाही. मैदान नाही, दरवाजा नाही, लोक कडेला उभे राहून फुकट बघतात. मग या खेळात पैसा आला कुठून? गोष्ट सांगणाऱ्यांकडून. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू केली ती लोतो नावाच्या वर्तमानपत्रानं, खप वाढावा म्हणून. कल्पना त्यांच्या जेओ लेफेव्र या तरुण वार्ताहराची, आणि शर्यत चालू असताना तोच कधी आगगाडीनं, कधी सायकलनं स्पर्धकांच्या मागे जाऊन बातम्या देत होता. पानं पिवळ्या कागदाची होती, आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. इटलीची जिरो १९०९ मध्ये गुलाबी कागदावर छापणाऱ्या गाझेत्ता देल्लो स्पोर्तनं काढली. आजही संघ प्रायोजकांच्या नावानं धावतात, कारण जर्सीवरचं नाव कॅमेऱ्यातून लाखो लोकांना दिसतं. तुझ्या दोन आवडींपैकी या खेळाला पोसणारी आवड कोणती, याचं उत्तर सव्वाशे वर्षांपासून तेच आहे.

म्हणून कॅमेरा आधी. पण ७० भागांचा का नको?

तुला ५ भागांचं एक काम धरलं तर २८ वसूल व्हायला सहा कामं लागतात, ७० ला चौदा. गेल्या वर्षी तुला दोन कामं मिळाली. दोन महिन्यांत एक मिळालं तर २८ एका वर्षात परत येतात. ७० ला सव्वादोन वर्षांहून जास्त लागतील, आणि तोवर त्या बॉडीच्या जागी नवं मॉडेल आलेलं असेल. कॅमेऱ्याची बॉडी लवकर उतरते, चांगली लेन्स किंमत धरून राहते. म्हणून बॉडी एक पिढी मागची, वापरलेली घे आणि लेन्स एकच पण चांगली घे. घेण्याआधी तशीच बॉडी दोन दिवस भाड्यानं आण आणि तुझ्या लॅपटॉपवर तिच्या फाइल्स कापून बघ. नव्या कॅमेऱ्यांच्या १० बिट एच.२६५ (जास्त दाबून साठवलेल्या) फाइल्स जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइनवर अडखळतात, क्लिप पुढे ढकलली की चित्र थिजतं आणि आवाज पुढे जातो. तसं झालं तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच क्लिपच्या हलक्या प्रती, बनवून काम कर. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉप घ्यायला निघालीस तर २८ चे ६० होतील. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुला आत्ता पुरते, महिन्याची वर्गणी लावून घेऊ नकोस.

फाइल्स साठवून ठेवण्याचा खर्च नवशिके हमखास विसरतात. सेकंदाला १०० मेगाबिटनं फोरके शूट केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. आठवड्याला दोन तास म्हणजे ९० जीबी, पन्नास आठवड्यांत साडेचार टीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची तर नऊ. ग्राहकाचं काम एकाच ड्राइव्हवर ठेवणं म्हणजे त्याचे पैसे आणि आपलं नाव दोन्ही एका केबलला टांगणं. प्रत्येक कामानंतर काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरव, उरलेल्याला दोन ड्राइव्ह लागतील, ते २८ मध्ये धर. गिम्बल वगळ. त्याऐवजी माइक आणि त्यावरचं केसाळ वाराकवच घे, कारण सायकलच्या व्हिडिओंची वाट लागते ती वाऱ्याच्या फडफडीनं. आणि एक एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समधला उजेड कमी करणारी काळपट काच. सेकंदाला पंचवीस फ्रेम घेताना शटर एक पन्नासांश सेकंद ठेवायचं तर भर उन्हात त्याच्याशिवाय चित्र पांढरं पडतं.

पैशाइतकाच तुटपुंजा आहे तो तुझा वेळ, आणि त्याबद्दल तू काहीच विचारलेलं नाहीस. दहा मिनिटांच्या व्हिडिओला तुला चौदा तास लागतात. एकटीनं सायकल चालवत स्वतःचं शूटिंग करायचं म्हणजे थांबायचं, ट्रायपॉड लावायचा, दोनशे मीटर मागे जायचं, कॅमेऱ्यासमोरून जायचं, मग वळून तो उचलायला यायचं. आठ सेकंदांच्या शॉटला दहा मिनिटं. त्या दिवशी सराव होत नाही. आणि सरावाच्या दिवशी कॅमेरा काढला तर दोन्ही अर्धवट होतात. आठवड्यातले दिवस वाटून घे, शूटिंगचा एक, बाकी सरावाचे. दुसऱ्यांचं शूटिंग करायला लागलीस तर ते आणखी सोपं होतं, आणि पैसे तर तिथेच आहेत.

आता १०० भागांची वाटणी. २४ भाग बाजूला ठेव, ते तुझ्या सहा महिन्यांच्या खर्चाएवढे आहेत. बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा ठेवीत. त्याला हात लावायचा तो आजारपण, अपघात किंवा शिकवण्या अचानक बंद झाल्या तरच. २८ कॅमेरा आणि त्याच्याभोवतीचं सगळं. १२ सायकलीला: टायर, चेन, कॅसेट, बाइक फिट, नवं हेल्मेट (तुझं एकदा पडण्यात आपटलं आहे, ते बदलायलाच हवं, वरून धड दिसलं तरी), आणि त्यातूनच अपघात विमा आणि सामानाच्या चोरीचा विमा. विम्याच्या कागदात शर्यतीतला अपघात आणि पैसे घेऊन केलेल्या कामातलं नुकसान वगळलं आहे का, ते वाच. बऱ्याचदा वगळलेलं असतं. उरले ३६. ते पदवीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठी. नवी नोकरी कदाचित नव्या ठिकाणी असेल, राहण्याची अनामत, पहिला पगार येईपर्यंतचा खर्च, किंवा महिनाभर कुठे बिनपगारी शिकाऊ काम करून बघायची मुभा. हे पैसे अठरा महिन्यांत लागणार आहेत म्हणून शेअर बाजारात घालू नकोस. तिथे पाच-सात वर्षं न लागणारा पैसा घालायचा, आणि तसा पैसा आज तुझ्याकडे नाही.

सायकलीच्या खात्यात दर महिन्याला शिल्लक २ मधला १ भाग आपोआप जाईल असं लावून दे. अठरा महिन्यांत १८. आता यापुढच्या प्रत्येक व्हिडिओच्या कामातले निम्मे पैसे त्याच खात्यात. दोन महिन्यांत एक काम धरलं तर नऊ कामं, ४५ भाग, निम्मे साडेबावीस. जुनी सायकल नीट ठेवलीस तर २० येतील, असं दुकानदार म्हणाला आहे. एकूण साठच्या आसपास. १२० च्या सायकलीची निम्मी किंमत, तीही कर्जाशिवाय. तेवढ्यात शिमानो १०५ (अल्टेग्राच्या खालची श्रेणी) गिअर असलेली, तपासून घेतलेली, वापरलेली सायकल मिळण्यासारखी असते. आणि तोवर नोकरी लागली, ३६ मधले काही उरले, तर नवीचाही विचार कर, तेव्हा मी अडवणार नाही. कामं ठरल्यापेक्षा कमी मिळाली तर सायकल सहा महिने पुढे जाईल. इतकंच होईल.

कामांचा भाव ठरवताना एक चूक तू दोन्ही वेळा केली आहेस. किंमत तोंडी सांगितलीस आणि दुरुस्त्यांवर मर्यादा ठेवली नाहीस. दुकानाच्या कामात २० पैकी ७ तास "हे थोडं बदल" यातच गेले. पुढच्या वेळी एका पानावर लिहून दे: किती मिनिटांचा व्हिडिओ, कोणत्या तारखेला, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे, निम्मी रक्कम शूटिंगच्या आधी. संगीत कुणाच्या परवान्यावर वापरलं हेही लिही, नाहीतर उद्या हक्काचा दावा आला की ग्राहक तुला फोन करणार. हे कागद द्यायला तुला संकोच वाटेल. पहिल्या दोन वेळा वाटतोच.

महिनाअखेरीला संपणारी सवलत संपू दे. नव्या वर्षाची मॉडेलं आली की दुकानं मागच्या वर्षीची कमी भावात काढतात, आणि तुझ्या मापाची सायकल तेव्हाही असेल.

या शनिवारी राइडला जाण्याआधी चेन मोजून घे. कॅमेरा ठरला की त्याचं मॉडेल आणि मागितलेली किंमत कळव, सौदा पक्का करायच्या आधी एक नजर टाकते. आणि त्या मेकॅनिक काकांच्या दुकानात तुला अजून काय काय ऐकू येतंय, तो पुढचा व्हिडिओ झाला की आधी मला पाठव.